मोजणी चोख, दाखला मात्र सहा महिने अडलेला: मिनेसोटाच्या फेरमोजणी सेवेचे परीक्षण

अमेरिकेतले मिनेसोटा राज्य आपल्या रहिवाशांना ज्या सार्वजनिक सेवा पुरवते, त्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ उपसणारी यंत्रणा सर्वाधिक वाखाणली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु अटीतटीच्या निवडणुकीनंतर हे राज्य स्वखर्चाने जी फेरमोजणी करून देते, तिचेही कोणीतरी नीट परीक्षण लिहायला हवे असे मला बरेच दिवस वाटत होते. 4 नोव्हेंबर 2008 रोजी झालेल्या सिनेटच्या, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत या सेवेला मतदानापासून गव्हर्नरच्या सहीपर्यंत पोहोचायला जवळजवळ आठ महिने लागले. त्या काळात मी मिनियापोलिसमध्ये नोकरीला होतो. कामाच्या व्हिसावर असल्यामुळे मला मत नव्हते, पण राज्याचा आयकर पगारातून कापला जात होता, म्हणजे सेवेच्या खर्चात माझा वाटा होता, आणि राज्याच्या दोन सिनेटरांपैकी एकाची खुर्ची रिकामी राहिल्याचा परिणाम इतरांइतकाच माझ्यावरही होणार होता. एवढ्या नात्याने मी स्वतःला या सेवेचा ग्राहक समजतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मोजणीचे काम इतके उत्तम झाले की कोणत्याही देशाच्या निवडणूक कार्यालयाने ते अभ्यासावे. मोजणीनंतर विजेत्याला मिळायचा निवडीचा दाखला मात्र फारच उशिरा मिळाला, आणि त्या उशिराचे खापर ज्या गव्हर्नर टिम पॉलेंटी यांच्या माथी फोडले गेले, त्यांचा त्यातला वाटा नगण्य होता. लोकांनी तगादा लावला तो चुकीच्या खिडकीपाशी.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सिनेटर नॉर्म कोलमन, डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचे (डेमोक्रॅटिक पक्षाचे मिनेसोटातले नाव) ॲल फ्रँकन आणि इंडिपेंडन्स पक्षाचे डीन बार्कली असे तीन प्रमुख उमेदवार होते. बार्कली यांनी सुमारे 15 टक्के मते घेतली आणि उरलेल्या दोघांत मतदारांनी राज्य जवळजवळ बरोबर मधोमध वाटून टाकले. (2002 मध्ये सिनेटर पॉल वेलस्टोन यांचा विमान अपघातात मृत्यू झाल्यावर, उरलेल्या काही आठवड्यांसाठी याच जागेवर बार्कली यांची नेमणूक झाली होती, म्हणजे तिघांपैकी दोघे त्या खुर्चीवर आधीच बसून आलेले होते.) सुमारे 29 लाख मतदानापैकी पहिल्या अनधिकृत आकड्यांत कोलमन 725 मतांनी पुढे होते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आकडे तपासून आल्यावर ही आघाडी 215 वर आली. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर कोणीही अर्ज न करता, सरकारी खर्चाने, हाताने फेरमोजणी व्हायची असा त्या वेळचा कायदा होता. तिथे 215 मतांचा फरक म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. फेरमोजणी टळणे शक्यच नव्हते.

मिनेसोटात मतदान कागदावर होते. उमेदवाराच्या नावापुढचा लंबगोल पेनाने भरायचा, पत्रिका यंत्रात सरकवायची, यंत्र ती वाचते आणि कागद पेटीत जमा होतो. त्यामुळे वाद झाला तर हातात धरून पाहता येईल असा पुरावा शिल्लक राहतो, आणि या सेवेचा खरा पाया हाच आहे. 19 नोव्हेंबरपासून राज्यभरात शंभराहून अधिक ठिकाणी टेबले मांडून मोजणी सुरू झाली. कर्मचारी एकेक पत्रिका उचलून पाहणार आणि कोलमन, फ्रँकन किंवा इतर यांच्या गठ्ठ्यात ठेवणार. दोन्ही बाजूंचे निरीक्षक समोर बसून पाहणार, पण कागदाला हात लावणार नाहीत. एखाद्या पत्रिकेबद्दल आक्षेप असेल तर ती बाजूला काढून राज्याच्या मंडळाकडे पाठवायची. नियम ऐकायला सोपा होता: मतदाराचा हेतू कागदावरून कळत असेल तर मत धरायचे. लंबगोल न भरता नुसती फुली मारलेली असली, नावाभोवती गोल काढलेला असला, एक खूण खोडून दुसरी केलेली असली, तरी हेतू स्पष्ट असेल तर मत वैध. मात्र मतदाराने स्वतःची ओळख पटेल अशी सही वगैरे केली असेल तर पत्रिका बाद. यंत्राला जे वाचता येत नाही ते माणसाला वाचता येते, यावर विश्वास ठेवून ही पद्धत बेतलेली आहे.

दोन्ही बाजूंनी या सोयीचा गैरवापरही भरपूर केला हे नोंदवायला हवे. टेबलावरचा आकडा वर्तमानपत्रांत रोज छापला जात होता आणि आक्षेप घेतलेले मत त्या आकड्यातून तात्पुरते वजा होत होते, म्हणून आक्षेपांची स्पर्धाच लागली. सरतेशेवटी सहा हजारांहून अधिक पत्रिकांवर आक्षेप आले, आणि त्यांतले बहुसंख्य दोन्ही पक्षांनी नंतर गुपचूप मागे घेतले. सेवा देणाऱ्यांचा यात दोष नव्हता. निष्कारण आक्षेप घेणाऱ्याला काही किंमत मोजावी लागावी, एवढी तरतूद मात्र नियमांत असायला हरकत नव्हती.

उरलेल्या आक्षेपांवर निर्णय देणारे राज्य मंडळ हा या सेवेचा सर्वांत देखणा भाग. राज्याच्या निवडणुकांचा कारभार पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट मार्क रिची हे डेमोक्रॅट अध्यक्षस्थानी, आणि सोबत चार न्यायाधीश: राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एरिक मॅग्नसन आणि न्यायमूर्ती जी. बॅरी अँडरसन, तसेच रॅम्झी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) न्यायाधीश कॅथलीन गियरिन आणि एडवर्ड क्लिअरी. मॅग्नसन आणि अँडरसन या दोघांची नेमणूक पॉलेंटी यांनीच केलेली होती, म्हणजे मंडळात एकाच पक्षाची माणसे भरली असे म्हणायला कोणाला जागा नव्हती. डिसेंबरच्या मध्यात चार दिवस हे पाच जण सर्वांसमक्ष बसून एकेक पत्रिका पाहत होते. सेंट पॉलमधल्या ‘द अपटेक’ या नागरिक-पत्रकारांच्या संस्थेने हे काम इंटरनेटवर थेट दाखवले, तर स्टार ट्रिब्यून हे वर्तमानपत्र आणि मिनेसोटा पब्लिक रेडिओ यांनी वादग्रस्त पत्रिकांची छायाचित्रेच संकेतस्थळावर ठेवून वाचकांना त्यांचा कौल विचारला. ऑफिसात दुपारच्या जेवणाला लोक हॉकीऐवजी लंबगोलांवर बोलत होते. दुसऱ्या देशातल्या निवडणुकीत मला एवढा रस का, असे भारतातून फोनवर विचारले जाई, तेव्हा मी त्या छायाचित्रांचा दुवा पाठवून मोकळा होत असे.

त्यांतली बेल्ट्रामी काउंटीतली एक पत्रिका तर अमेरिकेभर गाजली. मतदाराने फ्रँकन यांच्या नावापुढचा लंबगोल व्यवस्थित भरला होता, आणि खाली, यादीबाहेरच्या उमेदवाराचे नाव लिहायच्या मोकळ्या ओळीवर ‘लिझर्ड पीपल’, म्हणजे ‘सरडेमाणसे’, असे लिहून ठेवले होते. फ्रँकन यांच्या वकिलांचे म्हणणे असे की सरडेमाणसे ही खरी व्यक्ती नव्हे, तेव्हा ते मत फ्रँकन यांनाच धरावे. मंडळाने गंभीरपणे विचार केला आणि पत्रिका बाद ठरवली, कारण एकाच पदासाठी दोन पर्याय दिसत होते. हसण्यासारखा प्रसंग होता खरा, पण मला त्यात सेवेचा दर्जा दिसला. पाच ज्येष्ठ माणसे एका थट्टेखोर मतदाराच्या कागदावर, लोकांच्या देखत, तितक्याच शांतपणे चर्चा करतात आणि कारण देऊन निर्णय घेतात, हे आपल्या पैशांचे चीज झाल्यासारखे वाटले.

गफलती झाल्याच नाहीत असे नाही. मिनियापोलिसमध्ये विद्यापीठाजवळच्या एका चर्चमधल्या मतदान केंद्रावरच्या 133 पत्रिका फेरमोजणीच्या वेळी सापडल्याच नाहीत. चर्च धुंडाळले, गोदाम धुंडाळले, पाकीट काही मिळाले नाही. मंडळाने मग निवडणुकीच्या रात्री यंत्राने नोंदलेला आकडा ग्राह्य धरला, कारण तेवढे मतदार येऊन मत देऊन गेले याची नोंद होती. त्या निर्णयामुळे फ्रँकन यांची 46 मतांची आघाडी वाचली, आणि साहजिकच कोलमन यांच्या बाजूला तो खुपला. निर्णय मला योग्य वाटतो. मात्र मतपत्रिकांचे पाकीट गहाळ होणे ही कोणत्याही यंत्रणेची नाचक्कीच, आणि तिचे गुण मी कापतो.

खरी मेख टपाली मतांत होती. मतदार घरूनच पत्रिका भरतो, ती आतल्या कोऱ्या पाकिटात घालतो, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर स्वतःची सही आणि साक्षीदाराची सही. अशी सुमारे 12 हजार पाकिटे न उघडताच नाकारली गेली होती. त्या वेळच्या कायद्यात नाकारण्याची कारणे चारच: नाव-पत्ता जुळत नाही, सही खरी नाही, मतदार नोंदणीकृत नाही, किंवा त्याने आधीच मत दिले आहे. स्थानिक अधिकाऱ्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा या चारपैकी एकाही कारणात न बसणारी, निव्वळ कारकुनी चुकीने बाजूला पडलेली शेकडो पाकिटे निघाली, आणि सगळे जण त्यांना ‘पाचवी गठ्ठी’ म्हणू लागले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उघडायची परवानगी दिली, पण अट घातली की दोन्ही उमेदवारांची संमती हवी. ज्याचे मत चुकून बाद झाले त्या मतदाराच्या हक्काची किल्ली अशी ज्यांना स्वतःच्या फायद्यातोट्याचेच पडले होते त्या दोघांच्या हाती गेली. या सेवेतली मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. घासाघीस होऊन 933 पाकिटांवर एकमत झाले, ती 3 जानेवारी 2009 रोजी उघडली गेली, आणि फ्रँकन यांची 49 मतांची आघाडी 225 वर गेली. 5 जानेवारीला मंडळाने आकड्यांवर शिक्कामोर्तब केले: फ्रँकन 12,12,431 आणि कोलमन 12,12,206.

इथवरचे काम दोन महिन्यांत, उघड्यावर आणि लेखी कारणांसह झाले. 29 लाख कागद हाताने तपासायचे म्हटल्यावर हा वेग वाईट म्हणता येणार नाही.

पुढचा विभाग दाखल्याचा, आणि तिथे घोंगडे भिजत पडले. मंडळाने आकडे प्रमाणित करणे आणि उमेदवाराला निवडीचा दाखला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वसामान्य लोकांना तोवर ठाऊकच नव्हते. केंद्रीय कायद्यानुसार सिनेटरच्या निवडीचा दाखला गव्हर्नरने राज्याच्या शिक्क्यानिशी द्यायचा आणि त्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेटने प्रतिस्वाक्षरी करायची. राज्याचा कायदा मात्र सांगत होता की निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले असेल, तर त्याचा अंतिम निवाडा होईपर्यंत दाखला द्यायचाच नाही. कोलमन यांनी 6 जानेवारीला आव्हान दाखल केले आणि दाखल्याची खिडकी बंद झाली. कोलमन यांची मुदत 3 जानेवारीलाच संपलेली असल्यामुळे राज्याला एकच सिनेटर उरल्या, त्या म्हणजे एमी क्लोबुचर.

फ्रँकन यांनी गव्हर्नर आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट या दोघांकडे दाखल्याची रीतसर मागणी केली. पॉलेंटी रिपब्लिकन, रिची डेमोक्रॅट. उत्तर दोघांचेही एकच आले, की कायदा परवानगी देत नाही. हा मुद्दा नंतरच्या गदारोळात बहुतेक जण विसरले. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला, पक्षाच्या राजकारणात आकंठ बुडालेला पुढारी असतो, त्यामुळे त्याने सही अडवली की हेतूबद्दल शंका येणे स्वाभाविक आहे. पॉलेंटी तर 2008 मध्ये जॉन मॅकेन यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होता होता राहिलेले, आणि 2012 च्या अध्यक्षपदावर डोळा असलेले. परंतु विरोधी पक्षाचा, फ्रँकन यांच्याच पक्षाचा अधिकारीही तेच सांगत असेल, तर अडवणूक माणसाची नसून कलमाची आहे एवढे तरी ध्यानात यायला हवे होते.

सहीचे महत्त्व किती, हे त्याच आठवड्यात जवळच असलेल्या इलिनॉय राज्यातल्या प्रकरणाने दाखवून दिले. बराक ओबामा अध्यक्ष झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर, भ्रष्टाचाराच्या आरोपांत अटक झालेले गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांनी रोलंड बरिस यांची नेमणूक केली. तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने कागदावर सही करायला नकार दिला. आणि 6 जानेवारीला वॉशिंग्टनला पोहोचलेल्या बरिस यांना सिनेटच्या दारातून परत पाठवण्यात आले. आणखी काही दिवसांच्या खटपटीनंतर त्यांना जागा मिळाली. तेव्हा मिनेसोटाच्या कागदाशिवाय फ्रँकन यांना बसवून घेण्याची भाषा डेमोक्रॅट करू लागले आणि रिपब्लिकन सिनेटरांनी ती हाणून पाडण्याची धमकी दिली, यात नवल नव्हते.

फ्रँकन यांनी मग गव्हर्नरला सही करायचा आदेश द्यावा म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. राज्य दोनाऐवजी एकाच प्रतिनिधीवर चालले आहे, हा त्यांचा युक्तिवाद वजनदार होता. 6 मार्चला न्यायालयाने मागणी फेटाळली: राज्यातल्या न्यायालयांचे काम पूर्ण होईपर्यंत दाखला देता येत नाही, आणि त्याआधीच कोणाला जागा द्यायची असेल तर तो अधिकार सिनेटचा स्वतःचा आहे. माझ्या लेखी गव्हर्नरवरच्या दबावाचा विषय त्या दिवशी संपायला हवा होता. कायद्याने मनाई केलेली, न्यायालयाने मनाई कायम ठेवलेली सही त्यांनी लोकांच्या रेट्याखाली केली असती, तर ती दाखल्यावरची सही राहिली नसती, नवे भांडण झाली असती.

रेटा मात्र वाढतच गेला. पॉलेंटी दूरचित्रवाणीवर कशाहीबद्दल बोलायला आले तरी शेवटी सहीचा प्रश्न येत असे. पत्रे, फोन, अग्रलेख, आणि दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय नेत्यांचे सल्ले हे सगळे त्यांच्या दाराशी येऊन आदळत होते. याच काळात एका पुरोगामी गटाने चालवलेली मोहीम मला अधिक समंजस वाटली: कोलमन माघार घेईपर्यंत रोज एक डॉलर देणगी देण्याची, आणि त्या पैशांतून त्यांच्या विरोधकांना बळ देण्याची. तिचे लक्ष्य बरोबर होते. न्यायालयात जायचे की थांबायचे हा निर्णय पूर्णपणे कोलमन यांचा होता, त्यामुळे लोकांच्या नाराजीचा परिणाम व्हायचाच असेल तर त्यांच्यावर होऊ शकला असता. एप्रिलमधल्या स्टार ट्रिब्यूनच्या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी कोलमन यांनी आता हार मानावी असे सांगितले होते. ज्याच्या हातात सोडणे आहे त्याला सोडायला सांगणे, आणि ज्याचे हात बांधलेले आहेत त्याला सही करायला सांगणे, यांत फरक आहे.

खटला कसा चालला याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही, फक्त तो फार चालला. 26 जानेवारीला सेंट पॉलमध्ये एलिझाबेथ हेडन, कर्ट मार्बन आणि डेनिस रायली या तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी सुरू झाली आणि सात आठवडे चालली. कोलमन यांच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी नाकारलेल्या टपाली पाकिटांच्या झेरॉक्स प्रती पुढे केल्या. त्या प्रतींवर प्रचारकर्मचाऱ्यांच्या खुणा-टिपणे आढळली आणि न्यायाधीशांनी त्या पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, मग काउंट्यांकडून मूळ कागद मागवण्यात आठवडे गेले. ज्यांची मते बाद झाली होती ते मतदार स्वतः साक्षीला येऊन सही आपलीच असल्याचे सांगत होते, हेही थेट प्रक्षेपणात पाहायला मिळाले. शेवटी 351 पाकिटे वैध ठरली आणि 7 एप्रिलला न्यायालयात उघडली गेली: फ्रँकन यांना 198, कोलमन यांना 111, इतरांना 42. ज्याने दाद मागितली त्याचाच तोटा झाला आणि आघाडी 312 वर गेली. 13 एप्रिलला तिन्ही न्यायाधीशांनी फ्रँकन यांच्या बाजूने एकमताने निकाल दिला, कोलमन यांनी अपील केले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादासाठी तारीख दिली ती 1 जूनची. वाट पाहण्याच्या सगळ्या काळात मला सर्वांत असमर्थनीय वाटतात ते 13 एप्रिल ते 1 जून हे सात आठवडे. कागदपत्रे तयार होती, प्रश्न कायद्याचा होता, एक राज्य अर्ध्या प्रतिनिधित्वावर चालले होते. सुनावणी लवकर लावता आली असती.

एप्रिलच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटिक पक्षात गेले आणि मिनेसोटाची रिकामी खुर्ची एकाएकी डेमोक्रॅटांची साठावी खुर्ची झाली. सिनेटमध्ये अडवणुकीची भाषणे थांबवायला 60 मते लागतात, त्यामुळे पॉलेंटी यांच्यावरचा दबाव आता उलट्या दिशेने वाढला. राज्याच्या न्यायालयाने निकाल दिला तरी सही करू नका, केंद्रीय न्यायालयात प्रकरण जाऊ द्या, असा आग्रह त्यांच्याच पक्षातून होऊ लागला. माझ्या दृष्टीने गव्हर्नरची कसोटी लागली ती इथे. जानेवारीत त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. जूनमध्ये एक पर्याय, पळवाटेचा का होईना, होता. 2 जूनला त्यांनी तिसऱ्यांदा गव्हर्नरपदासाठी उभे राहणार नसल्याचे जाहीर केले, म्हणजे आता पुढची वाट राष्ट्रीय पक्षाच्या मर्जीवर अवलंबून होती. अशा वेळी आणखी दोन महिने कागद दाबून ठेवले असते तर पक्षात त्यांचे कौतुकच झाले असते.

30 जूनला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मॅग्नसन आणि अँडरसन हे मंडळावर बसलेले असल्यामुळे बाजूला झाले होते, उरलेल्या पाचही न्यायमूर्तींचे मत एक होते: कायदेशीर मतांपैकी सर्वाधिक मते फ्रँकन यांना, आणि दाखला मिळण्याचा हक्कही त्यांचाच. दुपारी सेंट पॉलमधल्या आपल्या घरासमोर कोलमन यांनी हार मान्य केली, आणि त्याच संध्याकाळी पॉलेंटी यांनी दाखल्यावर सही केली. अंतिम आकडे 12,12,629 आणि 12,12,317. 7 जुलैला फ्रँकन यांचा शपथविधी झाला. सही अडवण्यासाठी आणि सही करवून घेण्यासाठी झालेल्या एवढ्या आरडाओरड्यानंतर, कायद्याने ज्या दिवशी मोकळीक दिली त्याच दिवशी कागद बाहेर पडला, याबद्दल खिडकीवरच्या माणसाला मी पूर्ण गुण देतो. त्यांच्या इतर कारभाराबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो या परीक्षणाचा विषय नाही.

उशिराची किंमत मात्र खरी होती, आणि तिचा हिशेब कोणत्याही न्यायालयात झाला नाही. 13 फेब्रुवारी 2009 रोजी मंदीतून बाहेर पडण्यासाठीचे अवाढव्य मदत विधेयक सिनेटमध्ये 60 विरुद्ध 38 असे जेमतेम मंजूर झाले, तेव्हा मिनेसोटाच्या वाट्याला एकच मत होते. रोजच्या जगण्यात सिनेटरचे कार्यालय म्हणजे केंद्र सरकारच्या दरबारी अडलेले काम पुढे ढकलणारी जागा: निवृत्त सैनिकांचे भत्ते, सामाजिक सुरक्षेची पेन्शन, पासपोर्ट, आणि आमच्यासारख्या परदेशी लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इमिग्रेशन खात्यात रखडलेले अर्ज. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या मराठी मंडळींत ग्रीन कार्डाची चौकशी सिनेटरमार्फत करणारे तेव्हाही पुष्कळ होते. पन्नास लाखांहून अधिक वस्तीच्या राज्यात दोन कार्यालयांचे काम एकाच कार्यालयावर पडल्यावर रांग लांबणारच. या रांगेतल्या माणसाला दाखला का अडला याच्याशी कर्तव्य नसते, आणि म्हणूनच दबाव आणणाऱ्यांचा संताप मला समजतो, त्यांचा पत्ता चुकला होता एवढेच.

भारतीय वाचकाला इथे प्रश्न पडेल की विजेत्याला दाखला आधी देऊन भांडण नंतर का चालवत नाहीत. आपल्याकडे तसेच होते. निकाल जाहीर झाला की निवडणूक निर्णय अधिकारी मोजणीच्या ठिकाणीच विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र देतो, पराभूत उमेदवार 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करू शकतो, आणि उच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा अशी कायद्याची अपेक्षा असते. 2024 मध्ये वायव्य मुंबईची लोकसभेची जागा अवघ्या 48 मतांनी ठरली, तेव्हाही विजयी उमेदवार प्रमाणपत्र घेऊन दिल्लीला गेले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात चालला. ती याचिका डिसेंबरात फेटाळली गेली, पण सगळ्याच याचिका इतक्या लवकर सुटत नाहीत; काही तर सभागृहाची मुदत संपत आली तरी रेंगाळतात. मतदारसंघ बिनप्रतिनिधी राहत नाही हा आपल्या पद्धतीचा मोठा गुण, आणि चुकीचा माणूस वर्षानुवर्षे बसून राहू शकतो हा दोष.

घाईने दिलेल्या दाखल्याचे काय होते याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. 1974 मध्ये न्यू हॅम्पशरच्या सिनेट निवडणुकीत लुई वायमन पहिल्या मोजणीत 355 मतांनी जिंकले, फेरमोजणीत जॉन डर्किन 10 मतांनी जिंकले, गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन यांनी डर्किन यांना दाखला देऊन टाकला, आणि मग राज्याच्या आयोगाने पुन्हा तपासून वायमन 2 मतांनी विजयी ठरवले. पहिला दाखला रद्द झाला, दुसरा वायमन यांना मिळाला, प्रकरण सिनेटमध्ये गेले आणि तिथे ते महिनोन्‌महिने कुजले. खुर्ची कित्येक महिने रिकामीच राहिली. अखेर सप्टेंबर 1975 मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले आणि डर्किन मोठ्या फरकाने जिंकले. दोन-दोन दाखले निघूनही कोणालाच बसता आले नाही. मिनेसोटाच्या कायद्याने दाखला रोखून धरला, तो अशाच फजितीच्या भीतीने, असे मानायला जागा आहे. दाखला रोखायचा तर खटल्याला मुदत घालायला हवी, हे मात्र त्या कायद्यात नव्हते, आणि माझी मुख्य तक्रार तेवढीच आहे.

राज्याने या अनुभवातून काही धडे घेतले. टपाली पाकिटे तपासण्याची व्यवस्था पुढच्या दोन वर्षांत सुधारली गेली. 2010 मध्ये गव्हर्नरपदाच्याच निवडणुकीत मार्क डेटन आणि टॉम एमर यांच्यात नऊ हजारांच्या आत मतांचा फरक पडला, आणि ती सेवा पुन्हा वापरावी लागली. निकाल अडकला असता तर मुदत संपूनही पॉलेंटी हेच गव्हर्नर राहिले असते, त्यामुळे वकिलांच्या फौजा पुन्हा जमल्या होत्या. फेरमोजणीत आक्षेपांतून हाती काही लागत नाही हे दिसल्यावर 8 डिसेंबरला एमर यांनी हार मान्य केली आणि काम महिन्याभरात आटोपले.

2013 मध्ये राज्याने सरकारी खर्चाच्या फेरमोजणीची मर्यादा राज्यव्यापी पदांसाठी अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणली. खर्च वाचवायचा असेल तर ही कात्री मला चुकीच्या जागी लावलेली वाटते. 2008 चा फरक या नव्या मर्यादेतही बसला असता, पण 2010 चा फरक पाव टक्क्याहून जास्त होता, तो बसला नसता. म्हणजे ज्या फेरमोजणीमुळे पराभूत उमेदवाराने न्यायालयाची पायरी न चढता निकाल मान्य केला, नेमकी तीच आता उमेदवाराला स्वतःच्या खिशातून करून घ्यावी लागेल.